तलावाच्या आकाराचा ढोल

पुष्पांजली कापगते आमच्या नाटक मंडळात ऑक्टोपॅड वाजवायची. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बाया नाटकात काम करतात, गातात, लावणीला उभ्या राहतात. पण रंगमंचासमोर वादकांच्या रांगेत बसलेली बाई मी तरी तिच्याआधी पाहिली नव्हती. ऑक्टोपॅड म्हणजे रबराच्या आठ चौकोनी गाद्या. प्रत्येकीवर काडी मारली की वेगळा आवाज निघतो. खलनायक दारात उभा राहिला की जो धडाका ऐकू येतो, तो तिच्या काडीचा असे. मी शामकला, त्याच मंडळात गाणारी. माझं गाणं सुरू व्हायच्या आत ती एकदा मान वर करून माझ्याकडे बघे, आणि मग ताल सुटे. त्या नजरेवर माझा फार भरवसा होता.

तिचे वडील भैयाजी दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवत. अर्जुनीकडचं, इटियाडोह धरणाच्या नहरावर धान पिकवणारं कोहळी घर. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसून भैयाजींनी मुलीला ढोलकी शिकवली. बी. एस्सी.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून ती आमच्या मंडळात आली. साऊंड सर्व्हिसवाल्या वीरेंद्रशी तिचं लग्न झालं तेही मंडळातच जुळलं. स्पीकर, मिक्सर, टेम्पो त्याचा, वाजवणारी ती.

तीनेक वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांचं, म्हणजे रोपांचं, ओझं घेऊन शेताच्या धुऱ्यावरून जाताना तिचा पाय घसरला. ओझं सोडलं नाही, म्हणून सगळा भार उजव्या मनगटावर आला. गोंदियाला ऑपरेशन करून आत पट्टी टाकली. हाड जुळलं, हात कामाला लागला, पण मनगटाची ती लवचीक उडी गेली. काडी धरता येई, मारताही येई. परत उचलायला उशीर होई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रोजची कामं होतील, वाजवणं विसरा.

त्या हंगामात तिच्या जागी दुसरा वादक आला. ती टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून आमच्यासोबत यायची आणि सामान उतरवून झालं की तिथेच बसून राहायची. आत येत नसे. मी एकदा बोलवायला गेले तर म्हणाली, "शामकलाताई, मी बाहेरूनच आयकतो. आत आली का हात उठते."

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं.

वीरेंद्रकडे स्पीकर तपासायला एक जुना लॅपटॉप होता. त्यात एक फुकटचा प्रोग्रॅम. तो उघडला की कोरं पान दिसे आणि पानावर चार लहान खोकी, रेघांनी एकमेकांना जोडलेली. एका खोक्यात आकडा, त्याखालच्या खोक्यात आवाज तयार होतो, त्याखाली तो लहान-मोठा करणारी उभी पट्टी, सगळ्यांत खाली स्पीकर. वीरेंद्र पट्टी वर सरकवी, स्पीकर 'ऊंऽऽ' करी, तो खूश होऊन लॅपटॉप बंद करी. त्याला त्यातलं तेवढंच माहीत होतं.

एका दुपारी तो बाहेर गेला असताना पुष्पांजलीनं ते पान उघडलं आणि आकडा बदलला. आवाज चढला. तिनं एक रेघ पुसली. आवाज थांबला. रेघ पुन्हा ओढली, आवाज आला. नहराचं पाणी पाटात, पाटातून धानाच्या बांधीत कसं उतरवायचं हे लहानपणापासून बघितलेल्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. वरून येणारं खाली कुठे न्यायचं, मध्ये कुठे अडवायचं, कुठे दोन वाटा फोडायच्या, एवढंच. एखाद्या खोक्यावर उजवी क्लिक केली की त्याची माहिती उघडे, आणि ती माहितीही नुसती वाचायची नव्हती, तिच्यातही खोकी आणि रेघा होत्या, ती वाजायची. संध्याकाळी वीरेंद्र आला तेव्हा घरातून पावसासारखा आवाज येत होता आणि आकाश कोरडं होतं.

"हे का करून राहिली वं?" त्यानं विचारलं.

"थांबा ना जी," ती म्हणाली. "आता गडगडाट बनवून राहिली."

पडद्यावर हात लावायच्या वस्तू मोजक्या होत्या. दाबलं की क्षणभर चमकणारं बटण. फुली मारली की चालू आणि फुली काढली की बंद होणारा चौकोन. सरकपट्ट्या. आवाज किती चढला ते हिरव्या-लाल दिव्यांनी दाखवणारा खांब. आणि मिक्सरवर असतो तसा गोल खटका. या खटक्यानं तिला अडवलं. तो फिरवायचा तर माउस गोल फिरवावा लागे, आणि तिचं मनगट नेमकं तेच करत नव्हतं. दोन दिवस ती डाव्या हातानं धडपडली. मग तिच्या लक्षात आलं की या वस्तू कुणीतरी बनवलेल्या आहेत, तर आपल्यालाही बनवता येतील. प्रोग्रॅममध्ये तशी सोय होती: काय रंगवायचं, कुठे बोट लागलं की काय करायचं, हे छोट्या ओळींत लिहून द्यायचं. तिनं ते शिकून घेतलं. महिना गेला असेल, जास्तही. तिचा खटका बोट वर-खाली ओढलं की फिरे, आणि बोट बाजूला दूर नेलं की हळूहळू, बारीक फिरे. मनगट हलवायचं कामच नाही.

त्या प्रोग्रॅमवाल्यांची एक बैठक इंटरनेटवर भरते, तिथे तिनं तो ठेवला. कुठल्यातरी थंड देशातल्या माणसानं लिहिलं की माझी बोटं संधिवातानं आखडली आहेत, तुमचा खटका मी रोज वापरतो.

वीरेंद्रनं ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे तू घरी बसून बनवलेलं बटण तो तिकडे फिरवून राहिला?"

"हो."

"आता?"

"आता तिकडे रात्र असन. सकाळी फिरवन."

वीरेंद्र बराच वेळ त्या पडद्यावरच्या गोलाकडे बघत बसला. त्यानं आयुष्यात हजारो खटके फिरवले होते. तो म्हणाला, की खटका कुणाच्या हातून जन्माला येतो हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता.

पण तिला ढोलकी हवी होती. बटण दाबलं की ढोलकीचा आवाज काढणं सोपं होतं, तिनं ते पहिल्याच आठवड्यात केलं होतं आणि तिला ते अजिबात आवडलं नव्हतं. बटणाला एवढंच कळतं की मला दाबलं. कातड्याला कळतं की मधोमध मारलं का काठाला, बोटानं का पंजानं. म्हणून तिनं पडद्यावर कातडं बनवायला घेतलं. ठिपक्यांची चौकोनी जाळी. प्रत्येक ठिपका शेजारच्या चार ठिपक्यांना ओढतो आणि त्यांच्याकडून ओढला जातो. एका ठिपक्याला बोट लावलं की तो खचतो, शेजारच्यांना खचवतो, आणि खळबळ काठापर्यंत जाऊन परत फिरते. या सगळ्या हालचालीतून जो आवाज होईल तोच वाजवायचा. वीरेंद्रनं एक जुना टॅब आणून दिला, म्हणजे माउसऐवजी बोटानं काम व्हावं.

ते वाजलं, पण पत्र्याच्या डब्यासारखं. ती वडिलांकडे गेली होती तेव्हा तिनं टॅब भैयाजींसमोर ठेवला. भैयाजींनी आवाजाकडे लक्ष दिलंच नाही. ते हालचाल बघत राहिले. जाळीवर उठलेली लाट चारी काठांना आपटून मधे येत होती, एकमेकींतून आरपार जात होती.

"हे तं पाणी होय," ते म्हणाले.

"कातडं होय बाबूजी."

"पाणी असंच हालते. मी जिंदगीभर पाळीवरून हेच पाहून राहिलो." मग थोड्या वेळानं, "पण चौकोनी तलाव कोणं बांधला हा? असा तलाव नसते. पाळ एका आंगानं. बाकी तीन आंगं जमीन देते तसे."

पुष्पांजली त्या दिवशी सासरी परत गेली नाही. चौकोनाचा काठ काढून टाकायचा आणि काठ बोटानं काढू द्यायचा, यासाठी तिला सगळं नव्यानं लिहावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भैयाजींनी आपल्या बोटानं गावच्या तलावाचा काठ काढला. दक्षिणेला जवळजवळ सरळ पाळ. पूर्वेला फुगवटा. पश्चिमेला जंगलात शिरलेली पाण्याची लांब, निमुळती जीभ. रेघ जिथून निघाली तिथे येऊन मिळाली आणि आतली जागा निळी झाली.

"आता बोट लावा."

त्यांनी पाळीजवळ बोट टेकवलं.

खोल, गोल आवाज आला. ढोलासारखा, पण एकदम न विझणारा. आणि तो विझत असतानाच आतून दुसरा, बारीक आवाज उठला, उशिरा, जणू कुणी लांबून ओ दिली. पडद्यावर दिसत होतं: एक लाट त्या निमुळत्या जिभेत शिरली होती, टोकाला पोचून आता बाहेर येत होती.

भैयाजींनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला. ते म्हणाले, "माह्या आजाच्या आजानं बांधला हा. त्याले मालूम नसन, आपण का बनवून राहिलो ते."

तिनं नंतर त्याला दोन सरकपट्ट्या जोडल्या. एकीचं नाव 'पाणी'. ती वर नेली की तलाव भरे, लाटा वेगानं धावत आणि सूर चढे; खाली आणली की उन्हाळ्यातला तलाव, जड आणि मंद. दुसरीचं नाव 'चिखल'. चिखल वाढवला की आवाज लवकर मरे. नाव विचारणाऱ्याला ती आधीच सांगून टाकी की खरा तलाव असा वाजत नाही, खऱ्या लाटा इतक्या हळू असतात की कानाला ऐकूच येणार नाहीत. हा तलावाच्या आकाराचा ढोल आहे, एवढंच. लोक हो म्हणत आणि तरीही कान जवळ नेत.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार, दुकानं, पाहुण्यांची गर्दी. त्या वर्षी तिच्या सासरच्या गावच्या मंडईत वीरेंद्रचा साऊंड होता. दंडारवाले जेवायला उठले तेव्हा त्यानं सहज टॅबची तार मिक्सरला लावली आणि मोठ्या स्पीकरांतून भैयाजींचा तलाव वाजवला. जिलेबीच्या दुकानापासून लोक वळून बघायला लागले.

मग रांग लागली. ज्याला त्याला आपल्या गावचा तलाव काढायचा होता. तिरोड्याकडच्या एका जावईबुवांनी बोदलकसा तलाव काढला, आणि तलाव मोठा म्हणून त्याचा आवाज भैयाजींच्या तलावापेक्षा खाली निघाला तेव्हा त्यांनी मान अशी ताठ केली की सगळे हसले. कुणीतरी इटियाडोहाचं अवाढव्य धरण काढलं. पुष्पांजलीनं सगळ्यांचं माप एकाच प्रमाणात ठेवलं होतं. बोट टेकवलं तर आवाज आलाच नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या छातीत काहीतरी हलतंय. स्पीकरसमोर टांगलेला पडदा संथपणे पुढे-मागे होत होता. एक माणूस हलकेच म्हणाला, "आयकू नाही येऊन राहिला, तरी हाय."

माझं माहेर चिचगडकडचं. जंगलात आमची एक लहानशी बोडी आहे, म्हशी बसवायची. मला लाजच वाटत होती, पण मी काढली. एका बाजूला खडक आत घुसलेला, तोही काढला. स्वच्छ, उंच सूर निघाला, आणि खडकापाशी लाट फुटून सुराचे दोन झाले. मी तीस वर्षं गातेय. माझ्या माहेरच्या पाण्याच्या आकाराला सूर असेल, आणि तो मला आधीपासून ओळखीचा वाटेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी रांगेतून बाहेर आले आणि बाजूला जाऊन नुसती उभी राहिले.

त्यानंतर शांतीबाई आल्या. गावातल्याच, सत्तरीच्या, सुनेच्या हाताला धरून. इटियाडोहाचं धरण झालं तेव्हा त्यांचं माहेर, बोरहेटी, पाण्याखाली गेलं. त्या तेव्हा परकरी पोर होत्या.

"पोरी, बुडालेला तलाव वाजते का?" त्यांनी पुष्पांजलीला विचारलं.

"काढता आला का वाजन, आजी."

शांतीबाईंनी बोट टेकवलं आणि फार सावकाश रेघ ओढायला लागल्या. ओढताना बोलत होत्या. इथे पाळ. इथे तिच्यावर दोन आंबे. इथे तुडूम, शेताला पाणी सोडायचं दार. इथे बायांचा धुण्याचा दगड, म्हणून काठ असा आत. मग बोट थांबलं.

"आता?" सुनेनं विचारलं.

"त्या आंगाले आमी पोरी जात नव्हतो. तिकडे मसणवट होती." बोट तसंच पडद्यावर. "त्या आंगचं मले नाही मालूम."

काठ उघडाच राहिला होता. पुष्पांजलीनं दाखवलं, की बोट लावलं तर लाट त्या उघड्या बाजूनं निघून जाते, परत फिरत नाही, आणि परत फिरली नाही तर आवाज बनत नाही. अंदाजानं सरळ रेघ ओढून बंद करू का, असं तिनं विचारलं. शांतीबाई नाही म्हणाल्या. खोटा तलाव कायले वाजवायचा.

गर्दीच्या मागून एक म्हातारा पुढे आला. छोटेलाल, ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, टोल्यावरचे, मंडईत भाजलेले शेंगदाणे विकायला बसलेले. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला.

"कोणतं गाव म्हटलं बाई तुमी?"

"बोरहेटी."

"आमी तठीचेच. ढिवरटोलीचे. धरणाच्या वक्ताले माहा बाप इकडे आला." ते टॅबकडे बघत होते. "मसणवटीच्या आंगालेच आमी जाळं टाकत होतो. तिकडे दुसरं कोणी येत नाही म्हणून."

शांतीबाईंनी आपलं बोट उचललं नाही. थोडं सरकवून जागा केली. छोटेलालनी त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि तिथून पुढे रेघ नेली. एक लहान खाच, मग बेटासारखा फुगवटा, मग एक खोलगट वळण. "इथी बाम्बीर मासोऱ्या," ते म्हणाले, आणि रेघ आणून पाळीच्या टोकाला मिळवली.

निळं पाणी भरलं.

दोघांपैकी कुणीच बोट लावेना. शेवटी पुष्पांजली म्हणाली, "आजी, तुमी पाणी कोठी भरत होते?"

शांतीबाईंनी धुण्याच्या दगडाशेजारी बोट टेकवलं.

तो आवाज मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि मी शब्दांवरच जगते. मोठा होता, आणि मऊ. आत शिरला, त्या मसणवटीच्या वळणात जाऊन थोडा थांबल्यासारखा झाला, आणि परत आला तेव्हा त्याचा रंग बदललेला होता. वीरेंद्रनं चिखलाची पट्टी अगदी खाली आणली होती, म्हणून तो बराच वेळ राहिला. आमच्या डोक्यावरच्या मंडपाचं कापड थरथरलं. शांतीबाई स्पीकरपाशी गेल्या आणि त्याच्या लाकडी पेटीवर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले. आवाज विझून गेल्यावरही त्यांनी ते उचलले नाहीत. छोटेलाल रुमाल हातात घेऊन उभे होते. मी पुष्पांजलीकडे पाहिलं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू हे त्या हातानं केलं यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

दंडारवाले जेवून परत आले होते, पण ढोलकी कुणी उचलली नाही. पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

पुष्पांजली आता मंडळात परत आलीय. मांडीवर टॅब, डाव्या हाताची बोटं पडद्यावर, उजवा हात सरकपट्टीवर. आमच्या नाटकात नदीला पूर येतो तेव्हा प्रेक्षकांत कुणाला माहीत नसतं, पण तो आमच्या गावांचे तलाव एकावर एक वाजवून आणलेला असतो. तिनं ते सगळं इंटरनेटवरही ठेवून दिलं. त्या आखडलेल्या बोटांच्या माणसानं आपल्या घरामागचं तळं काढून पाठवलं. हिवाळ्यात ते गोठतं म्हणे, म्हणून त्यानं 'बर्फ' अशी तिसरी पट्टी मागितली. तिनं गोठलेलं तळं कधी बघितलेलं नाही. त्याला विचारून विचारून बनवतेय.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा ओसरीवर शांतीबाई आणि छोटेलाल बसलेले होते, मध्ये टॅब. दोघांची एका वळणावरून बोलाचाली सुरू होती. शांतीबाईंचं म्हणणं, तुडुमाच्या पलीकडे काठ सरळ होता. छोटेलाल म्हणत, तिथे एक पिंपळ होता आणि त्याच्या मुळांनी काठ बाहेर ढकलला होता.

"पिंपळ नव्हता गा. मी रोज तठी जात होती."

"तुमी पाळीवरून पाहत होता बाई. मी पाण्यातून पाह्यलं."

पुष्पांजलीनं दोन्ही तलाव बनवले, एक पिंपळाचा, एक बिनपिंपळाचा, आणि आळीपाळीनं वाजवले. फरक अगदी थोडा होता. दोघं माना एका बाजूला कलवून ऐकत राहिले.

"अजून एक वेळा लाव," शांतीबाई म्हणाल्या.